गुणवंतीच्या डब्यातली नजर

गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे एका वाडीत, पहिल्या मजल्यावर, चिंतामणी डॉक्टरांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. पाटी डॉक्टरांच्या नावाची. पण तो दवाखाना उभा कुणामुळे राहिला, ते लालबागला येऊन विचारा. मसाल्याच्या गल्लीत उत्तमला विचारा. तो आधी कुटायचं मशीन बंद करील, मिरचीचे हात फडक्याला पुसेल आणि मग सांगेल, "आमच्या गुणीमुळे." आठवीत शाळा सुटलेला माणूस, पण धाकट्या बहिणीचं नाव घेताना छाती अशी पुढे येते की समोरचा एक पाऊल मागं सरकतो. आणि तो खोटं बोलत नाही. सगळं ऐकलंत की तुम्हीपण तेच म्हणाल.

गुणी म्हणजे गुणवंती. धर्मा आणि सोनूबाईची लेक. बाप गिरणीत कापूस खात्यात. तिथं कापसाच्या गाठी फोडायच्या, पिंजायच्या. पाळी संपवून घरी आला की तो अंगभर पांढरा असायचा. भुवया पांढऱ्या, कानाची लव पांढरी. गुणी लहान होती, तिला वाटायचं आपला अप्पा रोज ढगात कामाला जातो आणि भोंगा झाला की खाली उतरतो. ती त्याच्या केसांतला कापूस फुंकून उडवायची. तो चाळीच्या गॅलरीतून तरंगत खाली जायचा आणि खाली पोचायच्या आधीच कुठंतरी नाहीसा व्हायचा.

अप्पा तिला आगीच्या गोष्टी सांगायचा. कापसाची आग दिसत नाही. गाठीच्या पोटात ठिणगी शिरली की बाहेरून गाठ पांढरीशुभ्र, आतून दोन-दोन दिवस धुमसत असते.

"मग काय करायचं अप्पा?"

"ती गाठ एकटी काढायची. बाकीच्यांपासून लांब, मैदानात न्यायची. आणि एक ध्यानात ठेव, जोपर्यंत खातं थंड झालं नाही, तोपर्यंत चांगली गाठ दारातून आत घ्यायची नाही. मुकादम असू दे, मॅनेजर असू दे. कितीपण ओरडू दे."

गुणी आठ वर्षांची होती तेव्हा संप झाला. त्याच्या आधी महिनाभर गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने धर्माचे डोळे दोनदा तपासले होते. डोळ्यात दाब वाढतोय म्हणाला होता. आकडे कागदावर लिहिले, कागद कपाटात ठेवला, पुढल्या महिन्यात ये म्हणाला. पुढल्या महिन्यात गेटला कुलूप होतं.

दोन वर्षांनी धर्मा मोठ्या हॉस्पिटलात गेला तेव्हा तिथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "आधीचे कागद?"

"गिरणीत आहेत साहेब."

"मग मला कसं कळणार किती गेलंय आणि किती वेगाने जातंय?"

धर्मा गुणीचा हात धरून गेटवर गेला. वॉचमन ओळखीचा होता, तंबाखू मागून घेणारा. पण आत सोडेना. "धर्माभाऊ, चावी माझ्याकडे नाही रे." गुणीने गेटच्या फटीतून बघितलं. आत गवत वाढलेलं, दवाखान्याची खिडकी बंद, आणि त्या खिडकीच्या आत कुठंतरी एका कपाटात तिच्या अप्पाचे डोळे ठेवलेले. तिला ते तसंच दिसलं. कागद नाही, डोळे.

काचबिंदू कडेकडेने खातो. दुखत नाही, खुपत नाही. एकदा धर्माने घरातलं जुनं लाकडी बॉबिन घेतलं, सूत नसलेलं, आणि गुणीच्या डोळ्याला लावलं. "बघ त्या भोकातून. मला एवढंच दिसतं आता." गुणीने बघितलं. भोकात आईचा हात आणि भाकरी. बाकी सगळा काळोख. पुढं पुढं ते भोकही बुजलं.

उत्तम तेव्हा पंधराचा. त्याने दप्तर खुंटीला टांगलं आणि मसाल्याच्या मशीनवर उभा राहिला. "गुणी शिकणार," त्याने चाळीला सांगून टाकलं. विचारलं नव्हतं कुणी. गुणी बारावी झाली, टायपिंग झालं, परळला कॉम्प्युटरचा क्लास झाला. चाळीत कॉम्प्युटरला हात लावलेलं पहिलं माणूस! मग ती चिंतामणी डॉक्टरांकडे लागली. फोन घ्यायला म्हणून लागली आणि हळूहळू सगळी नोंद तिच्या हातात आली. आठ हजार पेशंट. कुणाचा दाब किती, कुणाचा नंबर किती, कुणाच्या नजरेच्या कडा गेल्या वर्षी कुठं होत्या आणि यंदा कुठं आहेत.

त्या दवाखान्यात एक अंधारी खोली आहे. पेशंटने एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसायचं, समोर बघायचं आणि कुठंही बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मशीन त्याचा नकाशा काढतं, जिथं दिसलं नाही तिथं काळी सावली. काम संपलं की गुणी कधीकधी स्वतःच तिथं बसायची. एक ठिपका वर, एक खाली, एक पार कडेला. ढगात कापूस उडावा तसे ते उजेड यायचे आणि विरायचे. प्रत्येकाला ती बटण दाबायची. अप्पाच्या वतीने दाबायची म्हणा.

आता डब्याची गोष्ट. दवाखान्याचा कॉम्प्युटर बघायला परळचा बाबुराव येतो, तोपण गिरणीवाल्याचाच मुलगा. त्याने गुणीला सांगून ठेवलं होतं की सगळ्या नोंदीची नक्कल दोन डिस्कवर घ्यायची. एक दवाखान्याच्या कपाटात, दुसरी दवाखान्याच्या बाहेर. नक्कल घेतली की डिस्क काढून ठेवायची, लावलेली ठेवायची नाही. हल्ली चोर येतात ते दाराने येत नाहीत, तारेने येतात. सगळ्या फायलींना स्वतःचं कुलूप घालतात आणि चावीचे पैसे मागतात. जी डिस्क लावलेली असेल तिलाही कुलूप.

चावी म्हटल्यावर गुणीला समजावून सांगायची गरजच पडली नाही.

तेव्हापासून ती एक डिस्क रोज जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून लालबागला न्यायची. आज एक, उद्या दुसरी. दुसरी घरी पोचली की मगच पहिली परत. डिस्कलाही बाबुरावने आकड्यांचं कुलूप घातलं होतं, आकडे फक्त तिच्या आणि डॉक्टरांच्या डोक्यात. घरी आल्यावर डबा फळीवर, अप्पाच्या बॉबिनशेजारी. दवाखान्यात हसायचे. रिसेप्शनवर नवीन आलेली लतिका तर रोजच. "काय गुणवंतीताई, आज डब्यात काय? मोतीबिंदूची उसळ?"

गुणी हसायची आणि झाकण लावायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा मोठी करायची ठरली, दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून. डॉक्टर सकाळीच म्हणाले, "सगळी आयुधं एकत्र मांडू. मशीन, कॉम्प्युटर, चष्म्याचे नंबर काढायची पेटी, सगळं. आणि हो, त्या दोन्ही डिस्क. आपली सगळी विद्या त्यात आहे."

"सर, दुसरी घरी आहे. तिला घरीच राहू दे."

"एक दिवस आणा ना."

"एक दिवसपण नको सर. दोन्ही एका जागी नकोत."

लतिका झेंडूच्या माळा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्यात पूजा नसते ना, म्हणून नसेल आणायची."

गुणी उद्या पांढरी साडी नेसून चैत्यभूमीला जाणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती दर दसऱ्याला जाते, आई जायची, अप्पा जायचा. तिने लतिकाकडे बघितलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिने हातातली फाईल सरळ केली आणि एवढंच म्हणाली, "मी डिस्कबद्दल बोलतेय, लतिका."

डॉक्टर अवघडले आणि अवघडलेला मालक जसा रागावतो तसे रागावले. "श्रद्धेचा प्रश्न नाही. ती दवाखान्याची वस्तू आहे. पूजेला नसली तर नसली, पण परवा ती आणून इथल्या कपाटात ठेवायची. यापुढे घरी न्यायची नाही. हे डबे-बिबे पुरे झाले."

गुणीने मान हलवली. त्या रात्री उत्तमला कळलं तेव्हा तो गिरगावात जाऊन डॉक्टरला दोन शब्द सुनावायला निघाला होता, तिने शर्ट धरून बसवला. "दादा, त्यांचा दवाखाना आहे."

"त्यांचा? वीस वर्षं कुणी सांभाळला?"

"बस रे. चहा घे."

तिकडे पूजा जोरात झाली. कॉम्प्युटरला कुंकू, मशीनला हार. कपाटातली डिस्क काढून मोठ्या कॉम्प्युटरला जोडली, तिचा निळा दिवा लागला की छान दिसतं म्हणून. आणि मांडलेली पूजा मोडायची नसते, दसरा होईपर्यंत काही हलवायचं नसतं. म्हणून सगळं चालूच ठेवलं, जोडलेलं ठेवलं आणि दार ओढून घेतलं. त्याच दुपारी लतिकाने दवाखान्याच्या मेलवर आलेलं दसऱ्याचं शुभेच्छापत्र उघडलं होतं. उघडलं, तर आत कोरं. तिने सोडून दिलं. दीड दिवस तो कोरा कागद आत धुमसत राहिला. बाहेरून झेंडू, कुंकू, निळा दिवा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुणी सगळ्यांच्या आधी आली. पिशवीत डबा, डब्यात डिस्क. आज ती कपाटात द्यायची होती. येताना तिने डबा मांडीवर धरला होता. सांभाळायला घेतलेलं पोर परत करायला निघावं तसं तिला वाटत होतं.

दार उघडलं. सुकलेल्या झेंडूचा वास. आणि माळांच्या आत चारही कॉम्प्युटरचे पडदे लाल. इंग्रजीत लिहिलेलं: तुमच्या फायली आमच्याकडे बंद आहेत, अमुक इतकं भरा, तीन दिवसांत. खाली घड्याळ उलटं धावत होतं. पूजेतल्या डिस्कचा निळा दिवा तसाच मंद मिणमिणत होता आणि तिच्या आतही सगळ्याला कुलूप बसलेलं होतं.

गुणीला ते दवाखान्यासारखं दिसेचना. तिला दिसलं गेट, गवत, बंद खिडकी. क्षणभर ती परत दहा वर्षांची होती आणि फटीला डोळा लावून उभी होती. मग नाकात कापूस जळल्याचा वास आला. तो खरा नव्हता, पण त्या वासाने ती हलली. भिंतीवरच्या पेटीतून तिने कॉम्प्युटरच्या जाळ्याची मेन तार उपटली. मग एकेका कॉम्प्युटरची. मग धावत अंधाऱ्या खोलीत, नकाशाच्या मशीनची. ते जड म्हणून पूजेत मांडलं नव्हतं, बंदच होतं, ती आग तिथवर पोचली नव्हती. बाबुरावला फोन केला. आणि डबा छातीशी धरून बाकावर बसली.

बाकावर तोवर राधाबाई येऊन बसल्या होत्या. शीवच्या कोळीवाड्यातल्या, दादरला मासे विकतात. त्यांचा डावा डोळा गेलेला. उजव्याचा नवा नकाशा आठवड्यापूर्वी काढला, त्यात एक सावली. ती जुनीच असेल तर थेंबांवर भागेल. नवी असेल तर ऑपरेशन, तेही लगेच. आणि राहिलेल्या एकुलत्या डोळ्याचं ऑपरेशन कुणी अंदाजाने करत नाही. जुने नकाशे बघून आज ठरायचं होतं.

"तुमच्याकडचे कागद आहेत का हो, मावशी?" गुणीने विचारलं.

"होते गो बाय. टोपलीत ठेवलेले. म्हावऱ्याच्या पाण्यानं लगदा झाला त्यांचा." त्या हसल्या. मग गुणीचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "काय झाला?"

तेवढ्यात डॉक्टर आले. पडदे बघितले आणि खुर्चीचा हात धरून उभे राहिले. मागून लतिका. तिला कोरं शुभेच्छापत्र आठवलं असणार, कारण ती भिंतीला टेकली आणि रडायलाच लागली.

"सगळं गेलं?" डॉक्टर म्हणाले. "पंचवीस वर्षं?" आणि मग त्यांची नजर गुणीच्या डब्यावर गेली. "आहे! तुमच्याकडे आहे! द्या, लावा लगेच!" त्यांनी हात पुढे केला.

"नाही सर."

"अहो, नाही काय? राधाबाई बसल्यात. लावा आणि बघू काय उरलंय."

"इथं लावली तर हीपण जाईल. गाठ आत पेटलेली असताना चांगली गाठ खात्यात आणत नाहीत."

"कसली गाठ?"

"कापसाची."

डॉक्टरांना काही कळेना. आवाज चढला. "गुणवंतीबाई, दवाखाना माझा आहे का तुमचा?"

"तुमचा सर. पण डबा आज माझ्या हातात आहे." तिने झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. "बाबुराव बाहेरून स्वच्छ कॉम्प्युटर घेऊन येतोय. कुठल्याही तारेला न लावलेला. त्याआधी हे झाकण मी उघडणार नाही. तुम्ही मला काढून टाकलंत तरी आधी हे होईल, मग मी जाईन."

मालकासमोर असं बोलायला काळीज लागतं. लालबागचं काळीज लागतं.

डॉक्टर खुर्चीत बसले. राधाबाईंनी सरकून बाकावर गुणीला जागा केली आणि डब्यावर बोट ठेवून हळूच विचारलं, "माझा डोला हाय ना गो याच्यात?"

"आहे मावशी."

"मग बस. मला घाई नाय."

बाबुराव यायला दोन तास लागले. कॉम्प्युटर खांद्यावर घेऊन जिना चढला. तारा उपटलेल्या बघून त्याने फक्त मान डोलावली. मग डिस्कवर आधी काही लिहिलं जाणार नाही अशी सोय केली, तिची आणखी एक नक्कल काढली आणि ती नक्कल उघडायला घेतली. तो वेळ सरता सरेना. गुणीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं ते अर्धगोलातले बारीक उजेड यायला लागले, एक वर, एक कडेला. तिचं बोट आपोआप डब्यावर दाबलं जात होतं.

"उघडली," बाबुराव म्हणाला.

नावं खाली सरकायला लागली. आठ हजार. राधाबाईंचे नऊ वर्षांचे नऊ नकाशे एका रांगेत आले. डॉक्टर चष्मा काढून पडद्याजवळ गेले. आठवा नकाशा स्वच्छ. नवव्यात सावलीची नुसती चाहूल. आणि आठवड्यापूर्वीचा नकाशा, अजून नोंदीत न चढवलेला, मशीनच्या पोटात सुखरूप होता, त्यात ती सावली नखाएवढी. "नवी आहे," डॉक्टर म्हणाले. "वेगाने येतेय. राधाबाई, ऑपरेशन याच आठवड्यात. बरं झालं आज कळलं."

पैसे भरायचे का, असं डॉक्टरांनी एकदाच विचारलं होतं. बाबुराव म्हणाला, चावी देतीलच याची खात्री काय, आणि पोलिसात तक्रार करून या. डॉक्टर जाऊन आले. मशीनं सगळी पुसून, कोरी करून, नव्याने मांडायला चार दिवस गेले. पूजेच्या दिवशीची सव्वीस जणांची नोंद तेवढी बुडाली होती. गुणीने एकेकाला फोन करून ती परत घेतली. लतिका शेजारी बसून लिहीत होती. मध्येच म्हणाली, "ताई, ते मी बोलले ना त्या दिवशी..."

"पुढचा नंबर सांग," गुणी म्हणाली. "आणि शुभेच्छा कोण नाही उघडत? पुढच्या वेळी आधी मला हाक मार, बस."

पण हे नंतरचं. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी गुणी डिस्क हातात घेऊन कपाटापाशी उभी राहिली. डॉक्टरांचा हुकूम होता ना, आजपासून इथंच. तिने कपाट उघडलं. डॉक्टर मागून आले, कपाटाचं दार त्यांनी हळूच लोटलं आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "उशीर झालाय. जपून न्या घरी."

राधाबाईंचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर गुणीला जवळ ओढून तिची साडी न्याहाळली. "हिरवी हाय," म्हणाल्या. "काठापरेन दिसते." आठवड्याने लालबागच्या चाळीत पापलेटं आली. उत्तमने ती कापायच्या आधी मजलाभर फिरवून दाखवली.

आता त्या फळीला चाळीत कुणी हात लावत नाही. उत्तमची ताकीद आहे. कुणाचं पोर बॉल शोधत आलं तरी तो ओरडतो, "ए, लांब हो! तिथं आठ हजार माणसांची नजर ठेवलीय!"

पुढच्या दसऱ्याला गुणी चैत्यभूमीवरून परत आली. पांढऱ्या साडीला समुद्राचा ओलावा होता. फोनवर लतिकाने दवाखान्यातल्या पूजेचा फोटो पाठवला होता. मशीनं सगळी मांडलेली, पण तारा काढलेल्या, दिवे बंद. आणि मधोमध एक रिकामा पाट. त्यावर काही नाही, फक्त एक झेंडूचं फूल. खाली लतिकाने लिहिलं होतं, सर म्हणाले ही जागा घरी असलेल्या डिस्कची.

उत्तमने फोन हिसकावून घेतला आणि गॅलरीत पळाला, सगळ्यांना दाखवायला. चांगला अर्धा तास आला नाही. आल्यावर गुणीने फोन परत घेतला, फळीवरून अप्पाचं बॉबिन काढलं, डोळ्याला लावलं आणि त्यातून तो फोटो बघितला. भोकात ते फूल तेवढं मावलं.